आगीतून बाहेर आलेल्या माणसावर पाणी का ओतायचं नाही?

चौथा_मजला (शनिवार, रात्री १०:४२)

परवा आमच्या सोसायटीत बी विंगच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. एसीचं काहीतरी झालं म्हणतात. पडदे पेटले, मग सोफा, मग सगळा हॉल. घरात कुणी नव्हतं, कुणाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बंब आला, पाइप वर गेले, आणि वीसेक मिनिटांनी दोन जवान जिन्यातून खाली आले. त्यांच्या कोटातून अक्षरशः वाफ निघत होती. तळमजल्यावरच्या काकूंनी माया करून बादली उचलली आणि एकाच्या पाठीवर ओतायला निघाल्या. त्यांचा साहेब इतक्या जोरात ओरडला की काकूंच्या हातातली बादलीच पडली. "पाणी नको! आधी कोट काढू द्या त्याला!"

त्या पोराने कोट उघडला. आतला टी-शर्ट पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. मग तो पायरीवर बसला आणि दुसरी बादली मागून घेऊन त्यात कोपरापर्यंत हात बुडवून गप्प बसून राहिला, चांगली दहा मिनिटं.

मला प्रश्न पडलाय तो असा. आगीवर पाणी चालतं, मग आगीतून आलेल्या माणसावर का नाही? उलट आत जायच्या आधीच कोट भिजवून का जात नाहीत? आणि त्या कोटात असतं काय?

शंकेखोर (शनिवार, रात्री ११:०५)

मलाही हेच वाटायचं. सिनेमात हिरो घोंगडी पाण्यात बुडवून अंगावर घेतो आणि धूम आत पळतो. साहेबाला बहुतेक कोट खराब होण्याची काळजी असेल, महागडा असतो म्हणे.

सुगरण_नाही (शनिवार, रात्री ११:२०)

शंकेखोर, उद्या सकाळी एक काम करा. तापलेला तवा कोरड्या फडक्याने धरा आणि मग तोच ओल्या फडक्याने धरा. उत्तर हातावर मिळेल.

(धरू नका हो खरंच. माझी आजी पहिल्याच दिवशी हे शिकवायची, म्हणून आठवलं. ओल्या फडक्याने भांडं उतरवलं की दोन क्षण बरं वाटतं आणि मग असा चटका बसतो की भांडं सोडावंच लागतं.)

विणकर (रविवार, सकाळी ७:५०)

सुगरण_नाही यांनी माझा अर्धा प्रतिसाद लिहून टाकला. मी इचलकरंजीचा, कापडात आयुष्य गेलं, त्यातली काही वर्षं संरक्षक कापडाच्या विणाईत. जरा पसरट लिहितो.

अग्निशामक कोट म्हणजे एक कापड नव्हे. तीन थर असतात. बाहेरचं कापड, मधला पडदा आणि आतलं अस्तर.

बाहेरच्या कापडाचं काम ज्वाळेला तोंड देण्याचं. ते साधारणपणे ॲरामिड नावाच्या, उष्णतेला टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याचं असतं. नोमेक्स हे नाव ऐकलं असेल, ड्युपाँ कंपनीने १९६० च्या दशकात आणलेला धागा. त्याचं वैशिष्ट्य असं की तो वितळत नाही, ठिबकत नाही. ज्वाळा लागली की फुगतो, जाड होतो आणि कोळसा होतो. तो कोळसाच मग आड उभा राहतो. हे किती महत्त्वाचं आहे ते पॉलिएस्टरशी ताडून बघा. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि तो रस कातडीला चिकटतो. भाजलेल्या माणसाच्या अंगावरून असं कापड काढणं काय असतं ते डॉक्टर मंडळींना विचारा.

आमच्या धंद्यात एक आकडा बघतात. एखादं कापड जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो? सुती कापडाला साधारण १८, लोकरीला २५, नोमेक्सला २८, आणि पीबीआय नावाच्या धाग्याला ४१ च्या आसपास. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे सुती कापड एकदा पेटलं की जळतच राहणार आणि लोकर ज्वाळा काढली की विझणार. आजोबांची घोंगडी ठिणगीने भोक पडून थांबायची, पेटायची नाही, त्याचं कारण हेच. (सिनेमातल्या हिरोने निदान वस्तू बरोबर निवडली, भिजवली तिथे गडबड केली.)

पण नुसत्या नोमेक्सची एक खोड आहे. फार तापलं की ते आकसतं आणि आकसताना फाटू शकतं. म्हणून त्यात केव्हलार, म्हणजे जास्त मजबूत ॲरामिड धागा, मिसळतात. एक प्रसिद्ध मिश्रण ९३ टक्के नोमेक्स, ५ टक्के केव्हलार आणि २ टक्के स्थिर वीज घालवणारा धागा असं असतं. पाच टक्क्यांचा केव्हलार आतून सांगाड्यासारखा धरून ठेवतो.

मधला पडदा पाणी आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ बाहेर सोडतो, म्हणजे सोडायला बघतो. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की वाफ जाते, थेंब जात नाही. होजचं (बंबाच्या पाइपचं) पाणी, गरम पाणी, रसायनं यांना अडवणारा हाच.

आणि सगळ्यात आतला थर म्हणजे, सांगू का, गोधडी. खरोखर गोधडी. ॲरामिड तंतूंचा पिंजलेल्या कापसासारखा थर घेऊन तो अस्तराच्या कापडाला टाके घालून शिवलेला असतो. उष्णता अडवण्याचं सगळ्यात मोठं काम हा थर करतो आणि तेही धाग्याच्या जोरावर नाही, तर धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पाणी तिच्या वीसपट-पंचवीसपट चांगलं वाहक.

आता काकूंची बादली आठवा. गोधडीत हवेच्या जागी पाणी शिरलं की गोधडी संपली.

चौथा_मजला (रविवार, सकाळी ८:३०)

दंडवत! वाचनखूण साठवली. पण मग घाम? त्या पोराचा टी-शर्ट तर आतूनच ओलागच्च होता.

शंकेखोर (रविवार, सकाळी ९:१२)

विणकर, सगळं पटलं, पण मधला पडदा पाणी अडवतो असं तुम्हीच म्हणालात. मग बाहेरून ओतलेलं पाणी गोधडीत शिरेल कसं? पकडलं की नाही?

निवृत्त_बंबवाला (रविवार, दुपारी १२:४०)

हा चर्चेचा धागा मुलीने दाखवला. तीस वर्षं बंबावर काढली, फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर होऊन निवृत्त झालो. तुमच्याएवढं शास्त्र येत नाही, अंगावर आलेलं सांगतो.

आधी एक. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी या कोटाला "वर्दी" म्हटलेलं वाचलं. आमच्यात वर्दी म्हणजे आगीची खबर. वर्दी येते, वर्दीवर जातो. अंगावर असतो तो गणवेश आणि हा कोट.

शंकेखोर, पाणी शिरतं कुठून? गळ्यातून, मनगटातून, कोट आणि पँट यांच्या फटीतून. आणि घाम तर आतच असतो, त्याला कुठून शिरायची गरजच नाही. पडदा वाफ सोडतो म्हणतात, पण बाहेर आगीची धग असताना कसली वाफ बाहेर जातेय. आतला शर्ट पाच मिनिटांत ओला होतो.

चटके कुठे बसतात ते सांगतो. गुडघे आणि खांदे. खोलीत धूर भरला की आम्ही रांगत जातो, कारण गरम हवा वर असते. रांगताना गुडघ्यावर सगळं वजन. तिथे ती गोधडी चेपली जाते, हवा निघून जाते आणि तापलेल्या फरशीचा चटका थेट आत. खांद्यावर तेच, बीए सेटच्या (श्वासासाठी पाठीवर घ्यायच्या हवेच्या नळकांड्याच्या) पट्ट्यांखाली. कोटाला काहीच झालेलं नसतं, बाहेरून बघाल तर नवाकोरा, आणि खांद्यावर पट्टीच्या मापाचे फोड. म्हणून चांगल्या कोटाला खांद्यावर आणि गुडघ्यावर जादा भर घातलेली असते.

साहेब ओरडला ते याच्यासाठी. आगीतून माणूस बाहेर आला म्हणजे कोट थंड झाला असं नाही. कोटाने पंधरा-वीस मिनिटं उष्णता पिऊन ठेवलेली असते, ती आता आत सोडतो. अशा वेळी पाठीवर थाप मारली, मिठी मारली तरी चटका बसू शकतो, कारण तापलेला थर कातडीला टेकतो. त्यात पाणी ओतलंत तर कोट जड होऊन अंगाला चिकटणार आणि वर वाफ. आधी उघडायचं, उतरवायचं, मग पाणी काय पाहिजे तेवढं.

मी लागलो तेव्हा हे असले कोट नव्हते. त्यावर बोलत नाही, बोललो तर थांबायचं कळत नाही.

सुगरण_नाही (रविवार, दुपारी १:०२)

बोला की काका.

निवृत्त_बंबवाला (रविवार, दुपारी १:३०)

बरं, एकच. तेव्हा कानाला आम्ही थर्मामीटर समजायचो. कान उघडे. कान भाजायला लागले की समजायचं, आता मागे फिरा. पुढे डोक्यावरून घ्यायच्या विणलेल्या टोप्या आल्या, मान आणि कान झाकणाऱ्या. जुने लोक घालायला तयार नसत. म्हणायचे, कळणार कसं किती तापलंय ते? त्यांचं पूर्ण चुकत नव्हतं. चांगला कोट घातला की माणूस जास्त आत जातो, जास्त वेळ थांबतो, आणि जेव्हा कळतं तेव्हा परतायचं अंतर वाढलेलं असतं.

हडसनकाठी (रविवार, रात्री ९:१५)

शेवटच्या वाक्याला +१००.

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या गावात अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे, दिवसा आयटी आणि रात्री पेजर, असा सहा वर्षांचा संसार. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात आम्हाला जो आकडा घोकायला लावला तो असा: १७.५ सेकंद.

अमेरिकेत कोटाची एक चाचणी असते. कापडाच्या तिन्ही थरांवर दर चौरस मीटरला ८४ किलोवॅट एवढी उष्णता सोडतात, अर्धी ज्वाळेची आणि अर्धी नुसत्या धगीची. भर दुपारचं ऊन साधारण एक किलोवॅट असतं, म्हणजे चौऱ्याऐंशी सूर्य समजा. मागे ठेवलेल्या संवेदकावरून हिशेब करतात की कातडीवर फोड यायला किती वेळ लागेल. सेकंदाला दोन गुण, कमीत कमी हवेत ३५, आणि त्याचा अर्थ १७.५ सेकंद. बस. सगळी खोली एकदम पेटते, तापमान ६०० अंशांच्या वर जातं, त्या क्षणी तुमच्याजवळ एवढाच वेळ असतो. तोही कोट कोरडा, नवा आणि अंगाला न चेपलेला असेल तर. आमचा प्रशिक्षक म्हणायचा की हा कोट आगीत काम करायला दिलेला नाही, आगीतून बाहेर पडायला दिलेला आहे.

आणि कोटाच्या आधी तोंडावरची काच जाते. बीए सेटच्या मुखवट्याची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते, दीडशे अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते. ती गेली की श्वासात धूर.

न्यूयॉर्कची गोष्ट इथे सगळे सांगतात. तिथल्या जवानांकडे १९९४ पर्यंत लांब कोट आणि मांडीपर्यंतचे रबरी बूट असत, थराची पँट नव्हती. मार्च १९९४ मध्ये मॅनहॅटनच्या वॉट्स स्ट्रीटवरच्या आगीत तीन जवान गेले, आणि त्यानंतर पूर्ण कोट-पँटचा गणवेश आला. पायांचं भाजणं एकदम खाली आलं. पण तेव्हाही जवानांची तक्रार होतीच की यात आतून शिजायला होतं.

एक मतभेद नोंदवते. काका म्हणतात पाणी नको. आमच्याकडे तर हल्ली बाहेर आल्यावर मुद्दाम पाण्याने धुतात! पण ते गारव्यासाठी नाही, काजळी उतरवायला. जळक्या प्लॅस्टिकची काजळी कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. त्यामुळे मुखवटा तसाच ठेवून, जरा निवल्यावर, वरून खाली धुवायचं, मग कोट उतरवून पिशवीत बंद. घरी न्यायचा नाही.

निवृत्त_बंबवाला (रविवार, रात्री ९:५०)

"जरा निवल्यावर" हा शब्द तुम्हीच घातलात ताई. मग भांडण कुठेय?

बाकी काजळीचं खरं आहे. आमच्या काळी काळाकुट्ट कोट ही शान होती. जितका काळा तितका माणूस जुनाजाणता. आता विचार केला की कसंसंच होतं.

डॉ_फुंकर (सोमवार, सकाळी ६:४५)

राउंडला जायच्या आधी पटकन लिहितो.

कातडीला ४४ अंशांना दुखायला लागतं. ५५ ला फोड, ७२ ला कातडी तत्काळ मरते. आपला सकाळचा चहा याच्याहून गरम असतो. म्हणजे बाहेर सहाशे असो की दोनशे, कोटाला आतली बाजू ४४ च्या खाली ठेवायची आहे. एवढी चिंचोळी जागा आहे.

आणखी एक फसवी गोष्ट. साठ अंशांच्या पुढे त्या जागेची संवेदनाच जाते. दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नाही.

पण मला जास्त काळजी आतल्या उष्णतेची वाटते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता टाकतो. अंगावर वीस किलोंहून जास्त ओझं, जिने चढणं, होज ओढणं, यात ती पाच-सहापट होते. ती बाहेर टाकायला शरीराकडे खरा उपाय एकच, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण कोटात घाम वाळतच नाही, नुसता गळतो. गळलेल्या घामाने गारवा मिळत नाही, फक्त पाणी आणि मीठ जातं. बाहेरची आग आत येऊ न देणारी गोधडी आतली आग बाहेर जाऊ देत नाही. रक्त कातडीकडे वळतं, हृदयाची धावपळ होते. अमेरिकेत कामावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांत सगळ्यात मोठं कारण भाजणं नाही, हृदयविकार आहे.

तो पोरगा बादलीत हात घालून बसला ते अगदी शास्त्रशुद्ध. हाताच्या पंजाला आणि कोपरापर्यंतच्या भागाला रक्ताचा पुरवठा भरपूर, तिथलं रक्त गार होऊन पुन्हा आत जातं. आगीतून बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही मिनिटं वाढतच राहतं, म्हणून ती दहा मिनिटं महत्त्वाची.

शंकेखोर (सोमवार, सकाळी १०:२०)

म्हणजे कोट जितका जाड तितका धोका? मग पातळ करा की!

विणकर (सोमवार, दुपारी २:१५)

शेवटी योग्य प्रश्न विचारलात. या धंद्यातलं सगळं भांडण हेच आहे. गोधडी जाड केली की १७.५ चे २५ सेकंद होतील आणि आतला माणूस अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांत थकून खाली बसेल. म्हणून अमेरिकी मानकात दोन आकडे एकाच वेळी पाळावे लागतात. बाहेरून येणारी उष्णता इतकी अडवायची आणि आतून जाणारी निदान इतकी सोडायची. दुसऱ्या आकड्याला कमी लेखून नुसता पहिला मिरवणारा विक्रेता दिसला की मी त्याच्यासमोरून उठतो.

आणि ओल्या कोटाबद्दल माझंच एक वाक्य दुरुस्त करतो, नाहीतर कुणी शहाणा नंतर पकडेल. पाणी सरसकट वाईट नाही. प्रयोगांत असं दिसतं की बाहेरचं कापड ओलं असेल आणि धग फार तीव्र असेल तर ते पाणी उकळण्यात उष्णता खर्च होते आणि थोडा वेळ फायदाच होतो. घात करतं ते आतलं पाणी, कातडीजवळचं, आणि तेही मध्यम धगीत, जिथे माणूस बराच वेळ काम करत राहतो. ज्वाळा नाहीत, कोट शाबूत, आणि तरी फोड. काका खांद्याचं सांगतायत ते याच जातीचं. त्यामुळे कोट भिजवून आत शिरणं म्हणजे पाणी नेमकं कुठे राहील यावर जुगार खेळणं.

पापलेट_फ्राय (सोमवार, दुपारी ३:००)

विमानतळावर चांदीसारखे चकचकीत सूट घातलेले असतात ते काय?

विणकर (सोमवार, दुपारी ३:२५)

तो वेगळा प्रकार, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला. तेलाच्या किंवा विमानाच्या इंधनाच्या आगीत धग दुरूनच किरणांनी येते. आरसा जसा उजेड परतवतो तसा तो धग परतवतो. पण काजळी बसली की आरसा आंधळा. आणि बिल्डिंगच्या आगीत, जिथे चहूबाजूंनी गरम हवा आणि धूर असतो, तिथे नुसत्या चकाकीने भागत नाही.

निवृत्त_बंबवाला (सोमवार, सायंकाळी ६:१०)

कोटाची काळजी घेण्याबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडे धुतलं की उन्हात टाकायची सवय. केव्हलारला ऊन चालत नाही, धागा पिचतो. सावलीत, वारा लागेल असं वाळवायचं. ब्लीच तर अजिबात नको. मी एका ठिकाणी गच्चीवर रांगेने कोट वाळत घातलेले पाहिले होते, मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जिन्याखाली दोरी बांधायला लावली. शिव्या खाल्ल्या.

आणि हेही लिहून ठेवतो. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासात मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. आग होती, पण इमारत कोसळली. कोटाला छताचा भार पेलता येत नाही. मी तेव्हा नोकरीत होतो, दुसऱ्या शहरात. त्या रात्री स्टेशनात कुणी जेवलं नाही.

सुगरण_नाही (सोमवार, सायंकाळी ७:३०)

काका, नमस्कार तुम्हाला.

थोडं अवांतर: विणकर, मग स्वयंपाकघरात आम्ही काय घालावं? सुती घाला म्हणतात, पण तुम्ही तर म्हणता सुती जळत राहतं.

विणकर (सोमवार, रात्री ८:०५)

अंगाबरोबर बसणारं जाडसर सुती. ते पेटतं खरं, पण वितळून चिकटत नाही आणि झटकन काढता येतं. सगळ्यात वाईट म्हणजे झुळझुळीत सिंथेटिक ओढणी किंवा पदर. आणि सैल बाह्या नकोत, कापड कुठलंही असो.

चौथा_मजला (मंगळवार, रात्री ९:४०)

सगळ्यांचे आभार. आज काकूंना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, चष्मा सापडत नव्हता त्यांचा. बादलीचं मनाला फार लागलं होतं. सगळं ऐकून घेतलं, गोधडीपाशी मान डोलावली आणि शेवटी म्हणाल्या, "मग मेल्यांनो, ताक तरी विचारायचं होतंत त्याला. घरात होतं."

डॉ_फुंकर (मंगळवार, रात्री ११:१०)

ताक उत्तम. मीठ घालून, कोट काढल्यावर.